जुना ॲक्शन कॅमेरा गाडीत डॅशकॅम म्हणून लावावा का?

कृष्णाकाठ

मंडळी, मी कराडचा, नोकरी पुण्यात. शुक्रवारी संध्याकाळी घरी, सोमवारी पहाटे परत, हा गेली सहा वर्षं नेम आहे. गेल्या महिन्यात साताऱ्याच्या अलीकडे सर्व्हिस रोडवरून महामार्गाला लागत होतो. समोरून उलट दिशेने एक दुचाकी आली. मी ब्रेक दाबून गाडी उभी केली, तो मुलगा घसरला आणि माझ्या बंपरवर येऊन आपटला. गुडघा खरचटला, सुदैवाने त्यापलीकडे काही नाही. पण दोन मिनिटांत पंधरा-वीस माणसं जमली आणि चूक चारचाकीवाल्याची हे ठरूनही गेलं. प्रत्यक्ष पाहणारा एक टेम्पोवाला होता, तो थांबलाच नाही. त्या मुलाला दवाखान्यात नेलं, पट्टी करून घेतली, त्याच्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे दिले. पैशांचं काही वाटत नाही. पण बायको आणि सात वर्षांची लेक गाडीत होत्या, आणि लेक घर येईपर्यंत विचारत राहिली, "बाबा, तुमची चूक होती का?" तिला दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

लडाखला गेलो होतो तेव्हा घेतलेला एक ॲक्शन कॅमेरा कपाटात पडून आहे. नामांकित कंपनीचा, 4के चित्रण करणारा. तोच काचेला लावून टाकावा असं मनात आहे. नवा डॅशकॅम, म्हणजे रस्ता सतत टिपण्यासाठीच बनवलेला गाडीतला कॅमेरा, कशाला घ्यायचा? कोणी असं केलंय का? उन्हाचं काय होतं, गाडी सुरू झाली की तो आपोआप सुरू होतो का, कार्ड भरलं की पुढे काय, हे सगळं जाणून घ्यायचं आहे.

रानवाटा

लावा बिनधास्त. मी दीड वर्ष लावतोय, ताम्हिणीतले पावसाळी व्हिडिओ बघून नातेवाईक फोन करतात.

वर्धाकाठचा

भाऊ, रानवाटा ताम्हिणीचं सांगतायत, मी नागपूरचं सांगतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. गाडी उन्हात उभी असली की डॅशबोर्ड 70 अंशांच्याही वर तापतो, स्टिअरिंगला रुमाल गुंडाळल्याशिवाय हात लावता येत नाही. मी माझा ॲक्शन कॅमेरा काचेलाच ठेवून दुपारी बँकेत गेलो. परत आलो तर बॅटरीचं दार बंदच होईना, आत बॅटरी फुगली होती. लिथियमची बॅटरी अशी फुगली की ती पेटूही शकते, म्हणून चिमट्याने काढून वाळूच्या डब्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ई-कचऱ्यात दिली. कंपनीचं नाव घेत नाही, चूक कंपनीची नव्हतीच. गोप्रोच्या माहितीपत्रकात वापराची कमाल मर्यादा 35 अंश दिलेली असते, डीजेआयच्या ऑस्मो ॲक्शन 4 ची 45. हे कॅमेरे हेल्मेटवर, सायकलवर, वाऱ्यात राहण्यासाठी बनतात, बंद काचेमागे दुपारभर बसण्यासाठी नाही.

कृष्णाकाठ, कराडचं ऊनही कमी नाही. उतरताना कॅमेरा काढून सोबत न्यायचा असेल तरच लावा.

तारांगण

वर्धाकाठचा यांच्याशी पूर्ण सहमत. त्याला जोडून थोडं यंत्राच्या पोटातलं सांगते, माझं कामच सर्किट बोर्डांचं आहे.

बरेचसे चांगले डॅशकॅम लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर वापरतात. त्यात वीज फार साठत नाही, जेमतेम काही सेकंदांची. पण तेवढीच लागते. गाडी बंद झाली किंवा धडकेत वायर तुटली, की त्या काही सेकंदांत तो चालू फाइल नीट बंद करून कार्डावर ठेवतो. कपॅसिटरला उष्णता बॅटरीपेक्षा खूप जास्त सोसते. अनेक डॅशकॅमची मर्यादा 60 अंशांच्या आसपास दिलेली दिसेल, ती यामुळेच.

आता ॲक्शन कॅमेऱ्याची बॅटरी काढून नुसत्या यूएसबीवर चालवता येतो का? बऱ्याच मॉडेलांत येतो, गोप्रोच्या अलीकडच्या पिढ्यांत तर नक्की. तसं केलं की फुगण्याची भीती गेली आणि आतली उष्णताही कमी झाली, कारण चार्जिंग थांबलं. पण मग दुसरीच अडचण उभी राहते. एमपी4 फाइलची अनुक्रमणिका साधारणपणे चित्रण थांबवताना, शेवटी लिहिली जाते. मधेच वीज गेली तर अनुक्रमणिका नसलेली फाइल उरते आणि ती उघडत नाही. धडकेत नेमकी वायर निसटली, तर नेमकी तीच क्लिप हातची जाते. काही कॅमेरे पुढच्या वेळी सुरू झाल्यावर अर्धवट फाइल दुरुस्त करायचा प्रयत्न करतात आणि ती पुष्कळदा होतेही. डॅशकॅम एक-दोन-तीन मिनिटांचे तुकडे का करतात, याचं एक कारण हे आहे. गेलाच तर एक तुकडा जातो.

आपोआप सुरू होण्याबद्दल: मूळ सॉफ्टवेअरवर गोप्रो हे करत नाही. पण कंपनीचंच 'लॅब्स' नावाचं प्रायोगिक फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, आहे. ते टाकलं की कॅमेऱ्याला एक क्यूआर कोड दाखवून "वीज आली की चित्रण सुरू, वीज गेली की बंद" असं शिकवता येतं. एसजेकॅमच्या बऱ्याच मॉडेलांत तर मेन्यूतच 'कार मोड' असतो. तुमचं मॉडेल कुठलं ते कळवा, मग नक्की सांगता येईल.

रानवाटा

बॅटरी काढायची हे मला माहीतच नव्हतं! आज संध्याकाळीच करून बघतो. धन्यवाद ताई.

मुंबैकर_मीनल

मला फक्त एक गोष्ट सांगायची आहे, पण ती मनापासून.

माझ्याकडेही ॲक्शन कॅमेराच होता. रोज ठाणे ते अंधेरी. सुरुवातीचे तीन आठवडे रोज आठवणीने बटण दाबलं. मग कधी घाई, कधी फोन, कधी चार्ज संपलेला. एका सकाळी घोडबंदर रोडवर मागून डंपरने ढकललं आणि मी पुढच्या रिक्षावर गेले. रिक्षावाल्या काकांच्या दृष्टीने मी त्यांना ठोकलं, आणि ते स्वाभाविक आहे, कारण त्यांना मीच दिसत होते. डंपर निघून गेला. काचेवर कॅमेरा होता. बंद होता.

त्यानंतर साधा, पुढे-मागे दोन कॅमेऱ्यांचा डॅशकॅम बसवला. त्याचं चित्र ॲक्शन कॅमेऱ्याइतकं देखणं नाही. पण गेल्या दोन वर्षांत मी त्याला हातही लावलेला नाही आणि रोजचा रस्ता त्याच्यात आहे.

कृष्णाकाठ

मीनलताई, वाचून गलबलून आलं. तुम्हाला लागलं नव्हतं ना?

तारांगण, मॉडेल 2018 चं आहे, त्यावर लॅब्स चालेल की नाही ते बघावं लागेल. मेन्यूत 'लूपिंग' दिसतंय, त्यात 5, 20, 60, 120 मिनिटं आणि कमाल असे पर्याय आहेत. 5 ठेवलं म्हणजे पाच-पाच मिनिटांचे तुकडे पडतील ना?

मुंबैकर_मीनल

मानेला पट्टा होता महिनाभर. आता ठीक आहे, धन्यवाद.

चौकट

कृष्णाकाठ, नाही, इथे बहुतेक सगळे फसतात. त्या लूपिंगमध्ये 5 चा अर्थ "शेवटची पाच मिनिटं तेवढी ठेव, आधीचं पुसत जा" असा आहे. अपघातानंतर गडबडीत सहा मिनिटं कॅमेरा चालू राहिला तर अपघातच पुसला गेलेला असेल. कमाल ठेवलं तर कार्ड भरेपर्यंत साठवतो आणि मग मागचं पुसतो. दुसरी मेख अशी की हा लूप त्या एका चित्रणापुरताच. बंद करून पुन्हा सुरू केलं की आधीचं चित्रण सुरक्षित म्हणून कार्डावर तसंच राहतं, नवं चित्रण त्याला पुसत नाही. आठवडाभराने कार्ड गच्च भरतं आणि कॅमेरा थांबतो. डॅशकॅम पूर्ण कार्डाचाच एक रहाट करतो, आणि धक्का बसला की आतला जी-सेन्सर तेवढा तुकडा कुलूपबंद करतो. हा फरक मोठा आहे.

मी लग्नाचे आणि जाहिरातींचे व्हिडिओ करतो, म्हणून चित्राबद्दलही लिहितो. "4के आहे म्हणजे नंबर प्लेट दिसणारच" हा समज हिशेबाला टिकत नाही. आपल्याकडे मोटारीची पुढची पाटी 500 मिमी रुंद असते. दहा मीटरवरून ती आपल्या नजरेचा जेमतेम तीन अंशांचा कोन व्यापते. ॲक्शन कॅमेरा वाइड मोडमध्ये सुमारे 150 अंश पाहतो. 1080पी चित्राची रुंदी 1920 ठिपके. म्हणजे ढोबळमानाने एका अंशाला तेरा ठिपके, आणि अख्खी पाटी चाळीसेक ठिपक्यांत. त्यात दहा अक्षरं. एका अक्षराला चार ठिपके! 8 आणि 3 कसे ओळखणार? तेच 4के आणि लिनिअर मोड घेतला, साधारण 90 अंशांचा, की पाटीला नव्वद-पंचाण्णव ठिपके मिळतात आणि ती वाचता येते. तेव्हा वाइड सोडा, लिनिअर धरा. कडेचं थोडं गमवाल, पण समोरचं नीट मिळेल.

रात्रीचं गणित वेगळं. समोरून येणारी गाडी साठच्या वेगाने, आपण साठने, म्हणजे दोघांमधलं अंतर सेकंदाला 33 मीटरने कमी होतं. अंधारात कॅमेरा शटर 1/60 सेकंद उघडं धरतो. तेवढ्यात ती गाडी अर्ध्या मीटरहून जास्त पुढे आलेली असते. पाटी पुसटच येणार, ठिपके कितीही असोत. इथे ॲक्शन कॅमेरा खरंच मागे पडतो, कारण तो उजेडातल्या खेळांसाठी घडवलेला आहे. बरे डॅशकॅम कमी उजेडासाठी बनवलेला सेन्सर वापरतात, सोनीचा स्टार्विस हा त्यातला नेहमीचा. तरीही रात्री विरुद्ध दिशेच्या गाडीची पाटी कुठल्याही कॅमेऱ्यात मिळेल असं धरून चालू नका. रांगेत पुढे उभ्या गाडीची मिळते.

आणि स्थिरीकरण, म्हणजे चित्रातले हादरे लपवणारी सोय, बंद ठेवा. गाडीत त्याचा फायदा नाही, उलट चित्र कापलं जातं आणि रात्री धूसरपणा वाढतो.

पेन्शनर_काका

चौकट, तुमचा हिशेब वहीत उतरवून घेतला. मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, नववीच्या मुलांना कोन शिकवताना हे उदाहरण हाताशी असतं तर फार बरं झालं असतं.

चौकट

काका, अजूनही शिकवा की! सोसायटीतली मुलं आहेतच.

कार्डाचं राहिलं. 4के चित्रण सेकंदाला 60 मेगाबिटने होत असेल तर तासाला 27 जीबी. 128 जीबीचं कार्ड पावणेपाच तासांत भरतं. रोज दोन तास गाडी चालवलीत तर अडीच दिवसांत पूर्ण कार्ड एकदा नव्याने लिहिलं जातं, वर्षाला दीडशे वेळा. साधं कार्ड फोटोंसाठी असतं, असं सतत घासून घेण्यासाठी नाही. ते गुपचूप मरतं, कॅमेऱ्यावर लाल दिवा लुकलुकत राहतो आणि आत काही उतरत नाही. 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं कार्ड घ्या आणि महिन्यातून एकदा एखादी क्लिप उघडून बघा.

खटला_क्रमांक

मी सातारा आणि पुण्यात वकिली करतो, मोटार अपघात दावे बरेच पाहतो. धाग्यावर चित्र कसं मिळवायचं याची छान चर्चा झाली. मिळालेल्या चित्राचं पुढे काय करायचं ते मी लिहितो, कारण माणसं इथेच हातातला पुरावा घालवतात.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. जुन्या कायद्यातल्या 65-ब कलमाच्या जागी आता कलम 63 आलं आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीतच दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत, एक ती नोंद हजर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे त्या फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा, एक बिट बदलला तरी ठसा बदलतो.

या विषयातला गाजलेला निकाल आपल्या मातीतला आहे. 2014 च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेनंतर दाखल झाला का, हा वाद होता, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुढे आलं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किशनराव गोरंट्याल. सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 ला सांगितलं की प्रत द्यायची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य. मात्र मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीत हजर केलं आणि शपथेवर सिद्ध केलं, तर त्याची गरज नाही. निकाल जुन्या कायद्याखालचा आहे, पण समज आजही कामाची आहे.

म्हणून अपघात झाला की पहिलं काम, कार्ड काढून घ्या. त्या कार्डावर पुन्हा चित्रण करू नका. पाकिटात घालून तारीख-वेळ लिहा. क्लिप व्हॉट्सॲपवर पाठवली की ती दाबून लहान होते, ठसा बदलतो, मूळ फाइल ती राहत नाही. नातेवाइकांना दाखवायला ती पाठवा हवं तर, पण मूळ कार्ड जपा. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावा! दोन चांगल्या क्लिप मी अशा पाहिल्या आहेत ज्यांच्यावर 1 जानेवारीची तारीख होती. ॲक्शन कॅमेऱ्याची बॅटरी काढून ठेवाल तर घड्याळ मागे पडू शकतं, हे तारांगण यांनी सुचवलेल्या मार्गात लक्षात ठेवा.

पाटी वाचता न आल्याने पळून गेलेलं वाहन सापडलंच नाही, तरी जखमीचा हक्क संपत नाही. केंद्र सरकारच्या 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेत अशा अपघातात मृत्यू झाल्यास वारसांना 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50,000 रुपये मिळतात. हे बऱ्याच कुटुंबांना ठाऊक नसतं, म्हणून विषय थोडा सोडून लिहिलं.

वर्धाकाठचा

वकीलसाहेब, अवांतर असलं तरी हेच सगळ्यात कामाचं निघालं. आमच्या आळीत एका घरी ही वेळ आली आहे, आजच त्यांना सांगतो.

नेकारकाठी

जर्मनीतल्या श्टुटगार्टहून वाचतेय. इथे कॅमेरा लावताना लोक आधी खाजगीपणाचा विचार करतात. रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचं सतत, विनाकारण चित्रण करणं हे माहिती संरक्षणाच्या नियमात बसत नाही. पण 15 मे 2018 ला इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं की असं चित्रण नियमबाह्य असलं तरी अपघाताच्या दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून घेता येऊ शकतं. प्रकरण माग्डेबुर्गचं, वळताना दोन गाड्या एकमेकींना घासल्या होत्या. म्हणून इथे थोड्या वेळाने आपोआप पुसणारा आणि धक्का बसला तरच जपून ठेवणारा कॅमेरा घेतात. ॲक्शन कॅमेरा सगळंच साठवतो, त्यामुळे तो या कामाला इथे बरा मानत नाहीत. शेजारच्या ऑस्ट्रियात नियम त्याहून कडक, साल्झबुर्गला जाताना आम्ही कॅमेरा काढून डिकीत ठेवतो.

तारांगण

आणि रशियात बरोबर उलटं. 15 फेब्रुवारी 2013 ला चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली, तेव्हा कितीतरी गाड्यांच्या डॅशकॅममध्ये ती टिपली गेली. त्या चित्रफिती आणि सीसीटीव्हीवरून शास्त्रज्ञांनी तिचा आकाशातला मार्ग मोजला आणि ती सूर्याभोवती कुठल्या कक्षेत फिरत होती तेही काढलं. कोणीही बटण दाबायला धावलं नव्हतं, कॅमेरे आपले चालूच होते. माझ्या नावामागे अशाच गोष्टींचं वेड आहे!

पेन्शनर_काका

वा! म्हणजे मीनलचाच मुद्दा उल्केने सिद्ध केला.

बुलेटवाला_बार्शी

दुचाकीवाल्यांचं कोणी बोलेना. मी हेल्मेटच्या हनुवटीला ॲक्शन कॅमेरा लावतो, चालेल का?

खटला_क्रमांक

केरळच्या परिवहन खात्याने 2022 मध्ये हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांवर कारवाई सुरू केली होती. कारण असं की पडल्यावर कॅमेऱ्याचा कठीण कोपरा हेल्मेटमधून डोक्यावर जोर आणू शकतो. हेल्मेट आयएस 4151 मानकाला तपासलं जातं ते बाहेर काही चिकटवलेलं नसताना. माझं मत, हँडलवर किंवा टाकीजवळ घट्ट लावा. तुमच्या डोक्यापुढे कुठलाही पुरावा मोठा नाही.

बुलेटवाला_बार्शी

पटलं. काढतो. दुचाकीला मात्र ॲक्शन कॅमेराच बरा हे माझं मत कायम. पाऊस, धूळ, हादरे सोसतो, आणि वारा लागत असल्याने तापत नाही.

आंबोली_धुकं

सावंतवाडीतून. मी व्हॅक्यूमचा मोठा पेला वापरून काचेला लावला होता. घाट चढताना बाहेर गार, आत गरम, काचेवर बाष्प, आणि एका वळणावर कॅमेरा सुटून क्लचच्या पायाशी. पाय अडकला असता तर काय झालं असतं हा विचार आजही अंगावर काटा आणतो. डॅशकॅम हलका असतो, दुतर्फा टेपने आरशामागे चिकटवला की हलत नाही आणि ड्रायव्हरच्या नजरेतही येत नाही. ॲक्शन कॅमेरा, त्याची पिंजरी आणि पेला मिळून तिप्पट वजन होतं.

वायर नेताना काचेशेजारच्या पुढच्या खांबावरून नेणार असाल तर पडदा एअरबॅग (बाजूच्या खिडक्यांवर उलगडणारी) कुठे आहे ते आधी बघा. वायर एअरबॅगच्या मागून गेली पाहिजे, पुढून नाही. उघडताना एअरबॅग वायर आणि कॅमेरा तुमच्या तोंडावर फेकेल. घरी जमत नसेल तर गाडीचं इलेक्ट्रिक काम करणाऱ्या माणसाकडून करून घ्या.

स्वल्पविराम

मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. कॅमेरा लावल्यावर माणसं दुसऱ्यांच्या चुका गोळा करायला लागतात. दर आठवड्याला कोणाची तरी पाटी दाखवणारी क्लिप समाजमाध्यमांवर टाकली जाते, खाली शिव्यांचा पूर येतो. त्या मुलाची, त्या रिक्षावाल्याची बाजू कोणी ऐकत नाही. कृष्णाकाठ, तुमच्या त्या प्रसंगातही क्लिप असती तर तुम्ही ती मुलाच्या घरच्यांना दाखवली असती की जगाला?

आणि आतला आवाज? माझे वडील टूरची गाडी चालवायचे. प्रवाशांचं रडणं, भांडण, आजारपण, सगळं त्यांनी ऐकलं आणि कधी घरी बोलले नाहीत. आता यंत्र ते ऐकतं आणि साठवतं.

कृष्णाकाठ

प्रश्न रास्त आहे. मुलाच्या वडिलांना दाखवली असती, आणि माझ्या लेकीला. बस.

मुंबैकर_मीनल

स्वल्पविराम, आवाजाबद्दल पूर्ण सहमत. माझ्या डॅशकॅमचा माइक पहिल्याच दिवशी बंद केला. बहुतेकांत एका बटणाचं काम असतं. टॅक्सी किंवा शाळेची गाडी असेल तर कॅमेरा आहे अशी पाटी आत लावावी.

वर्धाकाठचा

मी उलट अनुभव सांगतो. समृद्धीवर 120 ची मर्यादा आहे, रस्ता सरळसोट, 701 किलोमीटरचा. वेग कधी वाढतो कळत नाही. माझ्या डॅशकॅमवर जीपीएसचा वेग उमटतो. एकदा घरी क्लिप बघताना माझाच आकडा 131 दिसला, पोरगा शेजारी बसून बघत होता. तेव्हापासून क्रूझ कंट्रोल 110 वर. कॅमेरा आपल्याकडेही बघतोच, भाऊ.

खटला_क्रमांक

आणि तोच आकडा तुमच्या विरुद्धही वाचला जाईल. हे मान्य असेल तरच लावा. मला स्वतःला ते योग्य वाटतं.

रानवाटा

परत आलो. बॅटरी काढून, लिनिअर मोड, स्थिरीकरण बंद, चार्जर 2 अँपिअरचा. मुळशी ते माणगाव अडीच तास, दुपारी. एसीचा झोत काचेकडे वळवला होता तोवर चाललं. एसी बंद करून काचा उघडल्या, वीस मिनिटांत तापल्याची सूचना देऊन कॅमेरा बंद. वर "बिनधास्त" लिहिलं होतं ते आता "एसी चालू असेल तर" असं वाचा. दृश्यं मात्र सुरेख आली आहेत.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. तुम्ही लिहिलंत त्यावर दोन आठवडे प्रयोग केले, त्याचा हिशेब देतो.

शुक्रवारी संध्याकाळी पुणे ते कराड, ऊन उतरलेलं, एसी चालू. 1080पी, लिनिअर, लूप कमाल. पूर्ण प्रवास व्यवस्थित टिपला. खंबाटकी घाटात पुढच्या ट्रकची पाटी थांबल्यावर वाचता आली, चालत्या गाडीत नाही. सोमवारी पहाटे साडेचारला निघालो, अंधार, समोरच्या दिव्यांचे नुसते गोळे. आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या सोमवारी लावायला विसरलो. शिरवळच्या पुढे आल्यावर लेकीने आदल्या दिवशी काचेवर काढलेला ठसा दिसला, "इथे कॅमेरा" असं बोटाने लिहिलेलं, आणि जागा रिकामी. मीनलताई, तेव्हा तुमची आठवण झाली.

ठरलं आहे. पुढे-मागे चित्रण करणारा, कपॅसिटरवाला डॅशकॅम घेतोय, पाच-सात हजारांत बसतोय. माइक बंद, घड्याळ बरोबर, कार्ड हाय एन्ड्युरन्स. ॲक्शन कॅमेरा विकणार नाही. दिवाळीत कास-बामणोलीला जाणार आहोत तेव्हा तो मागच्या खिडकीशी लेकीच्या ताब्यात असेल.

एकच शंका. कॅमेऱ्याची वीज लायटरच्या सॉकेटमधून घ्यावी की फ्यूजबॉक्समधून?

तारांगण

सॉकेट सोपं, पण आधी किल्ली काढून सॉकेट मरतं का ते बघा. काही गाड्यांत ते चालूच राहतं आणि आठवडाभर उभ्या गाडीची बॅटरी उतरते. तुमची गाडी पाच दिवस पार्किंगमध्ये उभी असते, म्हणून हे महत्त्वाचं.

फ्यूजबॉक्समधून घ्यायची तर तीन वायरींचं हार्डवायर किट येतं. एक कायम विजेची, एक किल्लीबरोबर सुरू होणारी, एक अर्थिंगची. व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेलं की किट स्वतःच कॅमेरा बंद करतं. ती पातळी 12 च्या आसपास ठेवा, म्हणजे सोमवारी पहाटे गाडी सुरू होईल. जोड फ्यूज टॅपनेच (फ्यूजच्या खाचेत बसणारा तयार जोड) द्या, वायर सोलून नाही. वायपर किंवा सॉकेटचा फ्यूज चालेल. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला हात लावू द्यायचा नाही, दुकानदार कितीही म्हणाला तरी.

कृष्णाकाठ

लिहून घेतलं. शनिवारी कराडात बसवतो, काम चालू असताना शेजारीच उभा राहीन.